सव्वापटीपासून दुपटीपर्यंत : ना. म. जोशी यांचा वारसा

लोअर परळ स्थानकातून बाहेर पडणारी माणसे ज्या रस्त्यावर पांगतात, त्याचे जुने नाव डिलाइल रोड आणि आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. एकेकाळी या परिसराचे जीवन गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. आता गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि भोंगे कधीच थांबले आहेत. मात्र त्या इमारतींतून रात्री नऊ-दहा वाजता बाहेर पडणारी तरुण माणसे पाहिली, की कामाचा दिवस किती तासांचा असावा आणि त्याहून अधिक काम घेणाऱ्याने त्याचे काय मोल द्यावे, हा प्रश्न मात्र थांबलेला नाही असे वाटते. ज्या गृहस्थाचे नाव या रस्त्याला दिले आहे, त्याने आपल्या आयुष्याची पस्तीसहून अधिक वर्षे याच प्रश्नाच्या पाठपुराव्यात घालवली. रस्त्याचे नाव रोज हजारो लोक घेतात; माणूस मात्र विस्मरणात गेला आहे. कामाच्या तासांचे कायदे पुन्हा एकदा बदलले जात असताना त्याचे स्मरण करणे केवळ उपचार ठरू नये.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यात शिक्षण, पदवी आणि त्यानंतर काही वर्षे शाळामास्तरकी असा त्यांच्या पूर्वायुष्याचा क्रम आहे. त्या काळच्या कोकणातील होतकरू ब्राह्मण तरुणाच्या चरित्रात यात जगावेगळे काहीच नव्हते. वळण आले ते १९०९ साली. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात जोशी दाखल झाले. समाजाच्या सभासदाने बेताच्या मानधनावर आयुष्यभर लोकसेवा करावयाची असा दंडक होता. जोशींनी तो पाळला. श्रीमंती त्यांच्या वाट्याला आली नाही आणि त्यांनी ती शोधलीही नाही.

समाजाने त्यांना मुंबईस पाठविले आणि १९११ मध्ये तेथे सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असे लीगच्या कामाचे स्वरूप होते. गिरणगावातील चाळींत फिरताना जोशींच्या एक गोष्ट ध्यानात आली असली पाहिजे, ती अशी की रात्रशाळा कितीही चांगली चालविली, तरी ज्याचा दिवस बारा तासांचा आहे तो माणूस तेथे जागा राहू शकत नाही. १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणून ठेवला होता आणि त्या काळी ही सुधारणाच मानली जात होती. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचाही आधार उरला नव्हता. परोपकाराच्या मार्गाने कामगारापर्यंत पोहोचलेले जोशी हळूहळू कायद्याच्या मार्गाकडे वळले, त्याचे मूळ या अनुभवात शोधावे लागते. पुस्तके, औषधे आणि कर्ज देता येते. वेळ दान करता येत नाही. तो कायद्यानेच मिळवावा लागतो.

पहिले महायुद्ध संपले आणि व्हर्सायच्या तहान्वये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना जन्माला आली. तिची पहिली परिषद १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे भरली. हिंदी सरकारने कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशींची नेमणूक केली. ही निवड कामगारांनी केलेली नव्हती, सरकारने केलेली होती, आणि त्याबद्दल टीका झाली ती अनाठायी म्हणता येणार नाही. कामगारांचा प्रतिनिधी त्यांच्या संघटनांच्या संमतीने निवडला जावा अशी तहातच तरतूद होती. पण देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या निकडीतूनच पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष. पुढे १९२५ पासून तिचे सरचिटणीसपद जोशींकडे आले.

वॉशिंग्टनच्या परिषदेने जो पहिला करार संमत केला तो कामाच्या तासांचा होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही त्याची मर्यादा. हिंदुस्थानचा मात्र त्यात अपवाद करण्यात आला. कराराच्या दहाव्या कलमाने येथे आठवड्याला साठ तासांचे तत्त्व मान्य केले. ज्या तासांना युरोपातील कामगार मागे टाकून पुढे निघाला होता, ते तास आपल्या कामगाराला प्रगती म्हणून स्वीकारावे लागले. राष्ट्राभिमानी वाचकाला आजही हे बोचेल. पण त्याच दहाव्या कलमात एक बारीकशी तरतूद होती, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे अवश्य लक्ष दिले पाहिजे. साठ तासांच्या मर्यादेला सूट द्यावयाची झाल्यास ती सहाव्या कलमाच्या अधीन राहील असे तेथे म्हटले होते. आणि सहावे कलम सांगत होते की जादा तासांचे वेतन नेहमीच्या दराच्या किमान सव्वापट असले पाहिजे. हिंदुस्थानने १९२१ साली हा करार मान्य केला आणि १९२२ च्या कारखाने कायद्यात दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. तिच्याबरोबर, सवलत घेऊन त्यापलीकडे काम करवून घेतल्यास सव्वापट वेतन देण्याचे बंधनही आले. देशाच्या कारखाने कायद्यात जादा कामाचे जादा मोल शिरले ते या वाटेने.

या सव्वापटीचे स्वरूप काय, हे येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी आजही गैरसमज आहे. जादा कामाचा वाढीव दर म्हणजे दमलेल्या कामगाराला दिलेली बक्षिसी, असे सर्वसाधारण माणूस समजतो. तसा त्याचा एक अंश आहेही. नवव्या तासाचे श्रम पहिल्या तासाच्या श्रमांहून शरीराला महाग पडतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा दर मुख्यतः मालकावरचा आकार आहे. मर्यादा मोडण्यास पूर्ण मज्जाव केला तर अडीअडचणीला उद्योग अडून बसेल. मर्यादा फुकट मोडू दिली तर ती मर्यादाच राहणार नाही. तेव्हा मोडा, पण किंमत मोजा, अशी ही मधली योजना आहे.

ही किंमत किती असावी, याचा हिशेब साध्या आकड्यांत मांडता येतो. एका कारखान्याला आठवड्याला २४,००० तासांचे श्रम हवे आहेत असे धरू. ४८ तासांच्या आठवड्याने ५०० माणसे लागतील. ६० तास राबवून घेतल्यास ४०० पुरतील. दर तासाला १०० रुपये धरला, तर पाचशे माणसांचे आठवड्याचे वेतन २४ लाख रुपये होते. जादा तासांना साधाच दर असेल तर चारशे माणसांचेही २४ लाखच होतात. शिवाय शंभर माणसांची रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांचा खर्च मालकाच्या पदरी वाचतो. म्हणजे शंभर माणसे बेकार ठेवण्यातच त्याचा फायदा. दर सव्वापट केला, तर चारशे माणसांचा खर्च २५ लाख २० हजारांवर जातो. फरक पडला तो १ लाख २० हजारांचा, म्हणजे न नेमलेल्या प्रत्येक माणसामागे आठवड्याला १,२०० रुपयांचा, त्याच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढा. नव्या माणसावर पगाराखेरीज होणारा खर्च या चौथ्या हिश्श्याहून अधिक असेल तर मालक सव्वापट आनंदाने देईल आणि नवी भरती टाळेल. दुप्पट दराने मात्र तोच खर्च २८ लाख ८० हजारांवर पोहोचतो. आता हात आखडतो आणि नोकरभरतीची जाहिरात निघते. सव्वापट आणि दुप्पट यांतला फरक केवळ औदार्याच्या प्रमाणाचा नाही. पहिल्याने मर्यादेचे नाव राहते, दुसरीने मर्यादा प्रत्यक्षात राहते.

जोशींच्या सार्वजनिक जीवनाचा उत्तरार्ध या दोन आकड्यांमधील अंतर कापण्यात गेला असे म्हणता येईल. कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त सभासद म्हणून ते १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत तेथे राहिले. गर्जना करणारे वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. विधेयकाचे प्रत्येक कलम वाचून यावे, दुरुस्ती सुचवावी, ती फेटाळली गेली तर पुढल्या अधिवेशनात पुन्हा सुचवावी, अशी त्यांची रीत. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी १९२१ मध्ये ठराव मांडला; कायदा झाला १९२६ साली. स्त्री-कामगारांना बाळंतपणाच्या काळात साहाय्य मिळावे म्हणून १९२४ मध्ये त्यांनी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही, पण १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. बी पेरणारा एक आणि पीक काढणारा दुसरा, हे त्यांच्या बाबतीत वारंवार घडले. त्याबद्दल त्यांनी कधी त्रागा केल्याचे दिसत नाही.

केवळ कायदेमंडळात बसणारे पुढारी म्हणून त्यांची बोळवण करणेही अन्यायाचे होईल. १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांचा संघ उभा केला. १९२८ च्या प्रचंड संपात, जेव्हा मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या, तेव्हा कॉम्रेड डांगे आदी साम्यवादी नेत्यांच्या बरोबरीने ते संयुक्त संप समितीत बसले. मार्ग निराळे, स्वभाव निराळे. पण उपाशी चाळींसमोर त्यांनी ते निराळेपण बाजूला ठेवले.

पुढच्याच वर्षी मात्र फाटाफूट झाली. सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला. राष्ट्रीय चळवळीतील आणि साम्यवादी गोटातील अनेकांना त्यावर बहिष्कार हवा होता. जोशी आयोगाचे सभासद झाले. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली आणि जी संस्था त्यांनी हाताने वाढविली होती तिच्यातून जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. मवाळ, सरकारधार्जिणे अशी विशेषणे त्यांना या काळात लावली गेली. या आरोपाचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. परकी सरकारच्या आयोगावर बसणे म्हणजे त्या सरकारला प्रतिष्ठा देणे, हा विरोधकांचा मुद्दा खोटा नव्हता. पण कामगाराचा दिवस स्वराज्य येईपर्यंत जसाच्या तसा ठेवता येत नाही, हा जोशींच्या वर्तनातून दिसणारा मुद्दाही खोटा नव्हता. आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न तासांचा आठवडा सुचविला आणि १९३४ च्या कायद्यात तो आला. जादा कामाच्या दरातही दोन टप्पे झाले : चोपन्न ते साठ तासांपर्यंत सव्वापट आणि त्यापुढे दीडपट. आठवड्याचे सहा तास गळाले. रोजचा एक तास झाला. आयोगावर बहिष्कार घालणाऱ्यांच्या गिरणीतल्या अनुयायांनाही तो मिळाला.

दुभंगलेली संघटना यथावकाश सांधली गेली आणि १९४० मध्ये जोशी पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. ज्यांनी त्यांना मवाळ म्हटले होते त्यांनाही सर्वांना चालणारा माणूस म्हणून त्यांच्याचकडे यावे लागले. त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाजाचा राजीनामा दिला. एकतीस वर्षांचे घर साठीच्या वयात सोडणे सोपे नसते.

अखेरचा टप्पा मात्र जोशींच्या हातून नव्हे, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून पार पडला. १९४२ पासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला, दिवस नऊ तासांचा झाला आणि जादा कामाचे वेतन सरसकट दुप्पट ठरले. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने आपल्या एकोणसाठाव्या कलमात हीच दुप्पट कायम केली. वॉशिंग्टनमध्ये जगाला मिळालेले अठ्ठेचाळीस तास आपल्या कामगाराला मिळण्यास सत्तावीस वर्षे लागली. साठातले बारा तास कमी करण्यास सत्तावीस वर्षे. हा वेग पाहून कोणाला चीड यावी, आणि ती यायलाच हवी. पण त्या सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कायदेमंडळाच्या पटलावरून हटू न देणारा एक माणूस होता, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. जोशींचे निधन ३० मे १९५५ रोजी झाले. तोवर त्यांचे बहुतेक आकडे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले होते.

मग आज हे सारे उगाळण्याचे कारण काय? कारण कायद्याच्या पुस्तकात बसलेले आकडे तेथेच बसून राहतात असे नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीचे निमित्त करून, गुजरात सरकारने एका अधिसूचनेद्वारे कारखान्यांना दिवसाला बारा व आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांना दुपटीऐवजी साधाच दर लावला. बहात्तर हा आकडा १९११ च्या दिवसाला बारा तासांनी सहा दिवसांचा गुणाकार आहे, हे लक्षात घ्यावे. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातील जादा कामाचे वेतन कायद्याप्रमाणे देण्याचा आदेश दिला. एकोणसाठावे कलम त्या दिवशी वाचले. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास संमती दिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतही जादा कामाला दुप्पट दर कायम आहे, ही समाधानाची गोष्ट.

परंतु दुप्पट दर कागदावर राहणे आणि तो पदरात पडणे या दोन गोष्टी आहेत. माझ्या वर्गात सकाळी पहिल्या तासाला पेंगणारा एक विद्यार्थी होता. चौकशी केली तेव्हा कळले, की तो रात्री बारा तास पहारेकऱ्याचे काम करून थेट महाविद्यालयात येतो. बारा तासांपैकी जादा किती आणि त्याचा दर काय, असे मी त्याला विचारले. त्याला प्रश्नच समजला नाही. त्याच्या लेखी पाळी हीच बारा तासांची होती. श्रमाच्या अर्थशास्त्रावर मी त्या वर्षी जी व्याख्याने दिली, ती सारी त्या न समजलेल्या प्रश्नापुढे मला फिकी वाटली. ज्या मर्यादेची माहितीच नाही ती ओलांडल्याचे मोल कोण मागणार? जादा वेतन बुडविण्यासाठी कायदा बदलावा लागतोच असे नाही. हजेरीपटावर खरे तास न लिहिणे पुरते. कामगाराला कंत्राटदाराचा माणूस म्हणणे पुरते. मूळ वेतन लहान ठेवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विखुरणे पुरते, म्हणजे दुप्पट कशाची, हाच वाद उरतो. काचेच्या इमारतींतल्या सुशिक्षित नोकराला तर पर्यवेक्षक वा अधिकारी असे गोंडस नाव दिले, की तो या कायद्याच्या छत्राबाहेरच पडतो.

कामगारालाच जादा काम हवे असते, असा युक्तिवाद उद्योजक करतात. त्यात तथ्य आहे. मुलाची फी भरावयाची असलेला माणूस चार तास अधिक थांबण्यास तयार असतो आणि त्याची ही मिळकत तोडणारा सुधारक त्याला शत्रू वाटतो. पण अठ्ठेचाळीस तासांच्या वेतनात ज्याचा संसार भागत नाही, त्याच्या जादा कामाला स्वेच्छा म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. मूळ दर तोकडा असेल तर दुप्पटही कामगाराला विश्रांती देत नाही, फक्त थकव्याची किंमत वाढविते. म्हणून किमान वेतनाचा प्रश्न आणि जादा वेतनाचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. तातडीच्या मागणीसाठी उद्योगाला लवचीकपणा हवा, हेही मान्य करावे. दुप्पट दर हा तो लवचीकपणाच आहे. कायदा तो नाकारीत नाही, त्याचे मोल सांगतो. ज्याला खरोखरी निकड आहे तो हे मोल देतो. जो देण्यास तयार नाही, त्याची निकड तेवढीच समजावी.

जोशींच्या चरित्रातून आजच्या कामगार संघटनांनी आणि कायदेकर्त्यांनी घेण्यासारखे काही असेल तर ते त्यांचे राजकारण नव्हे; त्याविषयी मतभेद राहतील आणि राहावेत. घेण्यासारखी आहे ती चिकाटी आणि कलमे वाचण्याची सवय. मोर्चा संपल्यावर अधिसूचनेचा मसुदा कोणी वाचायचा, हजेरीपट कोणी तपासायचा, मूळ वेतनाची व्याख्या कोणी पाहायची, हे कंटाळवाणे काम करणारी माणसे कमी होत चालली आहेत. साठाचे अठ्ठेचाळीस करण्यास सत्तावीस वर्षे लागली. अठ्ठेचाळीसचे पुन्हा साठ होण्यास, कोणाचे लक्ष नसेल तर, एक अधिसूचना पुरते. ना. म. जोशी मार्गावरून रात्री दहाला घरी परतणाऱ्या तरुणाने आपले त्या दिवसाचे तास एकदा मोजून पाहावेत.